अरुणाचलला निघालात? आधी आयएलपी काढा: अर्ज, कागदपत्रं आणि गेटवरची तपासणी

तवांगची तिकिटं निघाली, हॉटेल ठरलं, थर्मल आणि कानटोप्या बॅगेत गेल्या, आणि निघायला चार दिवस उरलेले असताना कुणीतरी विचारतं, "अहो, परमिट काढलंत का?" दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नात्यातले, ओळखीतले मला हमखास फोन करतात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

अरुणाचल प्रदेशात शिरायला राज्याबाहेरच्या प्रत्येक भारतीय नागरिकाला इनर लाइन परमिट लागतं. तिकडे सगळे 'आयएलपी'च म्हणतात. आसाम आणि मेघालयासाठी ते लागत नाही. नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला लागतं, पण प्रत्येक राज्याचं वेगळं. अरुणाचलचं परमिट दाखवून कोहिमाला जाता येत नाही. मणिपूरला ही पद्धत डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाली, त्यामुळे जुनी प्रवासवर्णनं वाचून निघालेल्यांची तिथे फसगत होते.

"आपल्याच देशात परवानगी कशाला?" हा प्रश्न ऐकला की मी जरा थांबून उत्तर देते. हा नियम १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनमधला. इंग्रजांनी तो केला तो स्वतःच्या सोयीसाठी. चहामळेवाले आणि व्यापारी डोंगरात घुसत, तिथल्या जमातींशी खटके उडत, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी एक रेघ ओढली आणि पासाशिवाय पलीकडे जायला मनाई केली. १९५० मध्ये त्यातले 'ब्रिटिश प्रजाजन' जाऊन तिथे 'भारताचे नागरिक' आले. नियम राहिला, त्यामागचं कारण मात्र पार बदललं. २०११ च्या जनगणनेत अरुणाचलची लोकसंख्या होती १३ लाख ८३ हजार, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. आणि क्षेत्रफळ ८३,७४३ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून जास्त. दर चौरस किलोमीटरला आपल्याकडे ३६५ माणसं, तिकडे १७. एवढ्याशा लोकसंख्येत निशी, आदी, आपातानी, मोनपा, मिश्मी अशा किती जमाती, आणि प्रत्येकीची भाषा वेगळी. दारं सताड उघडी टाकली तर दोन पिढ्यांत आपण आपल्याच गावात मूठभर उरू, ही त्यांची भीती मला खरी वाटते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातून इनर लाइनखालचा प्रदेश वगळला गेला, तोही याच कारणासाठी. तेव्हा अर्ज भरताना कपाळाला आठ्या नकोत.

अर्ज कसा भरायचा

फिरायला जाणाऱ्यांनी कुठल्याही कचेरीत खेटे घालायची गरज नाही. अरुणाचल सरकारच्या ईआयएलपी पोर्टलवर घरबसल्या काम होतं. एकच खबरदारी: शोधताना त्याच नावाशी मिळतीजुळती खासगी संकेतस्थळं वर येतात आणि सरकारी शुल्काच्या कितीतरी पट पैसे उकळतात. पत्त्यात 'अरुणाचल'नंतर 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, एवढं बघा. खरं शुल्क नाममात्र असतं आणि पैसे भरण्याआधी पडद्यावर दिसतं.

परमिटचा प्रकार विचारला की 'टूरिस्ट' निवडा. मग नाव, वडिलांचं नाव, पत्ता, मोबाइल, कुठे कुठे जाणार, कधी शिरणार आणि कधी बाहेर पडणार, हे भरायचं. पासपोर्ट आकाराचा फोटो आणि ओळखपत्राची स्कॅन प्रत जोडायची. मतदार कार्ड, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांतलं एखादं चालतं. फोटो आणि ओळखपत्र आधीच लहान आकारात करून ठेवा, नाहीतर अपलोड अर्ध्यात अडकतं. पैसे भरले की परमिट पीडीएफमध्ये मिळतं. परमिट माणशी एक, गाडीमागे एक नाही. आईबाबा, सासूबाई, मुलं, सगळ्यांचे अर्ज वेगवेगळे भरा.

आता आपल्या मराठी घरांत हमखास गोंधळ होतो तो नावाचा. आपल्याकडे मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. लग्नानंतर आधार बदललेलं असतं, वाहन परवाना माहेरच्याच नावावर. आमच्या वहिनीचं तेच झालं. तिचा अर्ज मी आधारवरचं नाव बघून भरला, आणि प्रवासात तिने पर्समध्ये घेतला वाहन परवाना. भालुकपाँगच्या गेटवर शिपायाने परमिट डाव्या हातात धरलं, परवाना उजव्या हातात, आणि दोन्हींवर बोट फिरवत एकेक अक्षर जुळवत गेला. आडनावापाशी बोट थांबलं. फोनमध्ये आधारचा फोटो सापडेपर्यंत, मग तो वरिष्ठांना दाखवेपर्यंत दीड तास गेला. मागे गाड्यांची रांग, कडेवरचं पोर रडतंय. त्या शिपायाचं काही चुकलं नव्हतं, चूक माझीच होती. तेव्हापासून माझा नियम एकच: जे ओळखपत्र अपलोड केलं तेच, अस्सल, हातात. आणि अर्जात नाव त्या कार्डावर इंग्रजीत जसं आहे अगदी तसंच, मधल्या नावासकट.

तारखांत थोडी हवा ठेवा. तवांगच्या वाटेवरच्या सेला खिंडीकडे दरड कोसळली, बर्फ पडलं, तर मुक्काम वाढतो आणि परमिटची मुदत संपून जाते. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून वाट पुष्कळ सोपी झाली आहे, पण डोंगर तो डोंगरच. परतीच्या तारखेपुढे दोन-तीन दिवस जास्तीचे टाका. ठिकाणांच्या रकान्यातही मन मोठं करा: तवांगला जाणार असाल तर बोमडिला आणि दिरांगही लिहा.

गेटवर

गुवाहाटी-तेजपूरकडून तवांगला जाणाऱ्यांना भालुकपाँगचं गेट लागतं. इटानगरच्या रस्त्यावर बांदरदेवा, पासीघाटला जाताना रुक्सिन. रेल्वेने गेलात तर नाहरलगुन स्टेशनवर परमिट तपासतात, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या होलोंगीच्या डोन्यी पोलो विमानतळावरही. परमिटच्या माणशी तीन-चार छापील प्रती घ्या. नुसत्या फोनवर विसंबू नका, डोंगरात रेंज कधी जाईल सांगता येत नाही. बोलायची अडचण नाही. अरुणाचलात जमाती-जमातींमधली समान भाषा हिंदीच आहे, आणि ते लोक ती फार गोड बोलतात.

दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी इथल्या राज्याच्या कचेऱ्यांतूनही परमिट मिळतं. पण शनिवार-रविवार आणि तिथल्या सुट्ट्या धरल्या तर दोन दिवस त्यातच जातात. ऑनलाइन खरोखरच जमत नसेल तरच तो मार्ग धरा.

तवांगला पोचलात म्हणजे बुम ला खिंडीत जाता येईलच असं नाही. १५,२०० फुटांवरच्या त्या चीन सीमेवरच्या खिंडीसाठी तवांगच्या जिल्हा प्रशासनाची वेगळी परवानगी लागते, आणि तिच्यासाठी आयएलपीची आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. हॉटेलवाले किंवा स्थानिक गाडीवाले आदल्या दिवशी ते काम करून देतात, म्हणून पोचल्या संध्याकाळीच कागद त्यांच्या हाती द्या.

परदेशी पासपोर्ट असेल तर

इथे पुष्कळ घरं चुकतात. अमेरिकेतला भाचा सुट्टीला येतो, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असतं, आणि सगळे धरून चालतात की तो 'आपलाच' आहे. नात्याने आपलाच असला तरी या नियमात तो परदेशी नागरिक. त्याला आयएलपी मिळत नाही, प्रोटेक्टेड एरिया परमिट काढावं लागतं. ते साधारणपणे निदान दोघांच्या गटाला, नोंदणीकृत टूर ऑपरेटरमार्फत मिळतं, आणि त्याला वेळही जास्त लागतो. बुम ला परदेशी नागरिकांसाठी बंदच आहे. परदेशात राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला मात्र आपल्यासारखाच आयएलपीवर जातो.

कामासाठी जाणाऱ्यांसाठी

रस्ते, पूल, जलविद्युत प्रकल्प यांमुळे तिकडे बाहेरच्या माणसांना काम आहे. एकट्या दिबांग प्रकल्पाची क्षमता २,८८० मेगावॉट ठरली आहे. पण टूरिस्ट परमिटवर जाऊन काम करणं बेकायदा आहे, आणि सापडलं तर परत पाठवतात. कामासाठीच्या परमिटला स्थानिक जामीनदार लागतो. तिथल्या रहिवाशाने किंवा काम देणाऱ्या संस्थेने तुमची हमी घ्यायची असते, आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायचं असतं. कंत्राटदार "तिकडे गेल्यावर बघू" म्हणाला तर घरून निघू नका. आधी परमिटची प्रत मागा आणि त्यावर तुमचं नाव व मुदत स्वतः वाचा. दुकान टाकायचं असेल तर व्यापार परवाना वेगळा. जमिनीचं तर बोलूच नका: १८७३ च्या त्याच नियमाखाली बाहेरच्या माणसाला सरकारी मंजुरीशिवाय तिथल्या जमिनीत हक्क मिळवता येत नाही.

आणि परत येताना गेटवर नोंद मागितली तर थांबून ती करा. छापील परमिट गाडीतून आसामात उतरेपर्यंत फेकू नका.