पहिलटकरणीचे वय: कोकणातील उशिरा मातृत्वाची पार्श्वभूमी

पहिल्या बाळंतपणाला सामोऱ्या जाणाऱ्या बाईसाठी मराठीत ‘पहिलटकरीण’ हा नेमका शब्द आहे आणि त्या शब्दात वयाचा कुठेही उल्लेख नाही. कोकणातल्या जुन्या घरांत तो उच्चारला की सोळा-सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर येई, ती त्या काळामुळे. आज चिपळूण, कणकवली किंवा कुडाळच्या प्रसूतिगृहातील बाकावर छत्तीस-सदतीस वर्षांची पहिलटकरीण बसलेली असते आणि शेजारची बाई हळूच विचारते, “पयलाच मा?” त्या प्रश्नात कुतूहल असते, काळजी असते आणि पुष्कळदा ‘इतका उशीर का?’ असा न विचारलेला प्रश्नही असतो. हा उशीर नेमका कोणत्या मोजपट्टीने मोजला जातो आणि ती मोजपट्टी कशी घडत गेली, हे समजून घेण्यासाठी सुमारे सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

चाळिशीच्या आसपासचे बाळंतपण कोकणाला मुळीच नवे नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी त्या वयात मूल होणे सर्रास होते. ते सहावे किंवा आठवे असे आणि त्याला कौतुकाने शेंडेफळ म्हणत. सासू आणि थोरली सून मागेपुढे बाळंतीण झाल्याच्या, काका पुतण्यापेक्षा लहान असल्याच्या हकिकती आजही गावोगाव सांगितल्या जातात. नवे आहे ते त्या वयात पहिले मूल होणे. शेंडेफळाच्या आईला कोणी उशिराची आई म्हटले नाही, कारण तिने आपले आईपण पंचविशीच्या आत सिद्ध केलेले असे.

पंचविशीच्या आतले हे वेळापत्रक ठरत होते लग्नाच्या वयावरून. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने पतीपत्नीच्या शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय 10 वरून 12 केले, तेवढ्यावरूनही महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवले आणि 1978 च्या दुरुस्तीने ते 18 झाले. कायदा पुस्तकात आणि घर आपल्या रीतीने, असे अंतर दीर्घकाळ राहिले हे खरे. तरीही 90 वर्षांच्या आत पायरी इतकी वर सरकली की पहिल्या बाळंतपणाचे वयही तिच्यामागून सरकणे अटळ होते.

या इतिहासाचे एक टोक दापोली तालुक्यातल्या मुरूड गावी आहे. धोंडो केशव कर्वे यांचे बालपण तेथे गेले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला. आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या गोदूबाई पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. या विवाहामुळे कर्वे कुटुंबावर मुरूडमध्ये बहिष्कार पडला. पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या या बाई विशी ओलांडल्यानंतर संसाराला लागल्या आणि मग आई झाल्या. त्या काळच्या हिशेबाने हे फार उशिराचे मातृत्व होते, आणि त्या उशिराला कारण होती समाजाची रूढी, जिने त्यांच्या आयुष्यातली पहिली कित्येक वर्षे बंद करून ठेवली होती. हे मला महत्त्वाचे वाटते, कारण ‘उशीर’ हा शब्द आपण बाईच्या खात्यावर लिहितो आणि तो करवणाऱ्यांचे नाव सोडून देतो.

याच घरातले दुसरे नाव रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. धोंडोपंतांच्या पहिल्या पत्नीचे हे पुत्र 1882 मध्ये जन्मले. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली आणि न्यायालयाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या. मूल कधी व्हावे हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीला आहे, ही गोष्ट त्यांनी मराठीत उघडपणे आणि सातत्याने मांडली. आज एखादी बाई ‘आम्ही चार वर्षे थांबलो’ असे सहज म्हणते, त्या थांबण्याला शब्द आणि साधने मिळवून देण्याची किंमत त्यांनी मोजली आहे.

थांबण्याचे दुसरे कारण मात्र कोणी निवडलेले नव्हते. ते होते मुंबई. गिरण्या, गोदी आणि पोलीस खात्यात नोकरीला गेलेला कोकणी चाकरमानी लालबाग-परळच्या चाळीत गावकीच्या खोलीत राही, महिन्याला मनीऑर्डर धाडी आणि गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी येई. बायको गावी, भाताच्या लावणीत आणि सासूच्या हाताखाली. नवराबायकोचा सहवास वर्षातून थोडेच दिवस, आणि तरी वर्ष-दोन वर्षांत कूस उजवली नाही की देवळात गाऱ्हाणे घातले जाई ते सुनेसाठी, ओटी भरली जाई ती सुनेची आणि वांझपणाचा शब्दही यायचा तो तिच्याच वाट्याला. 1982 च्या संपानंतर गिरणगाव मोडले, पण दोन घरे आणि मधले अंतर ही रचना मोडली नाही. 2011 च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात 1,122 आणि सिंधुदुर्गात 1,036. या आकड्यांमागे गावी राहिलेल्या बायकांची कित्येक वर्षे आहेत.

नंतर मुलीही घराबाहेर पडल्या. डीएड-बीएड, परिचर्या, बँक, संगणक अशी वाट धरून त्या रत्नागिरीला, पुण्याला, मुंबईला गेल्या. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर हे जाणेयेणे आणखी सोपे झाले. नोकरी कायम होणे, डोंबिवली-विरारच्या घराचे हप्ते, धाकट्या भावंडांची शिक्षणे, मनाजोगता जोडीदार मिळणे, यांत तिशी येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 1.7 मुले होतात. जेथे एकच मूल होणार, तेथे पहिले आणि शेंडेफळ एकच असते.

वैद्यकशास्त्राने वयाची रेघ मारली ती मात्र याच्या बरीच आधी. जुन्या प्रसूतिशास्त्रात तिशीनंतरच्या पहिलटकरणीलाही वयस्क म्हणत; 1958 मध्ये स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ही रेघ 35 वर्षांवर ठेवली. तिला शारीरिक आधार आहे आणि तो लपवण्यात बाईचे हित नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि सदतिशीच्या सुमारास ही घट वेगाने होऊ लागते. तिशीत दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता सुमारे 20 टक्के असते, चाळिशीत ती 5 टक्क्यांच्या आसपास येते. डाउन सिंड्रोम असलेले मूल होण्याची शक्यता पंचविशीत साधारण 1,250 मध्ये एक, पस्तिशीत 350 मध्ये एक आणि चाळिशीत 100 मध्ये एक असते. रक्तदाब आणि गरोदरपणातला मधुमेह यांचा धोकाही वाढतो. पण चाळिशीतही 100 पैकी 99 बाळांना हा दोष नसतो, हे त्याच आकड्यात लिहिलेले आहे आणि ते बाईला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. मूल न होण्यामागे सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा जोडीने असते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पुष्कळ घरांत सुनेच्या सगळ्या तपासण्या आणि तीन देवस्थाने झाल्यावर मुलाच्या वीर्यतपासणीची वेळ येते, आणि तोवर ज्या वर्षांची सर्वांत जास्त गरज होती ती निघून गेलेली असतात.

ही पस्तिशीची रेघ पुढे कायद्यातही उतरली. गर्भजल तपासणीचा मुलींविरुद्ध वापर होऊ लागल्यावर महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. त्या केंद्रीय कायद्यात प्रसवपूर्व निदानाची परवानगी ज्या कारणांसाठी आहे, त्यांत गरोदर स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असणे हे एक कारण आहे. आता प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, म्हणजे 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला होणाऱ्या तपासणीत, जोखमीच्या गरोदर स्त्रीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल स्टिकर लावतात. पस्तिशी ओलांडलेल्या पहिलटकरणीच्या कार्डावर तो बहुधा असतोच. आशाताई तो पाहून तिच्याकडे दोन खेपा जास्त घालते, हा त्याचा खरा उपयोग. ज्या बाईला त्याचा अर्थ कोणी समजावला नाही, तिला मात्र तो शिक्का वाटतो.

चाकरमान्यांच्या त्याच परळमध्ये 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 1978 मध्येच हे साधले होते, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. केईएमच्या यशानंतर उपचार हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले आणि अनेक वर्षे कोणत्याही वेगळ्या कायद्याविना चालले. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा 2021 चा; त्यानुसार या उपचारांसाठी स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 असावे लागते.

कोकणात मात्र वयाइतकाच प्रश्न रस्त्याचा आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा अचानक चढलेला रक्तदाब सांभाळायला अतिदक्षता विभाग लागतो, आणि तो शोधत सावंतवाडी-कुडाळची गरोदर बाई वर्षानुवर्षे गोव्यातल्या बांबोळीला जात आली, राजापूर-लांज्याची घाट चढून कोल्हापूरला, तर महाड-पोलादपूरची मुंबईला. गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. पण ऐन पावसात, घाटात दरड कोसळलेली असताना, पस्तिशीच्या बाईची जोखीम मुंबईतल्या तिच्याच वयाच्या बाईपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि ती जास्तीची जोखीम तिच्या शरीरातून आलेली नसते.

घरातली रीतही या वयाशी अजून जुळवून घेते आहे. पहिले बाळंतपण माहेरी ही प्रथा आई चाळिशीत असेल या हिशेबाने बसलेली होती: तिने पहाटे उठून न्हाणीत हंडा तापवायचा, लेकीला तेल चोळायचे, शेक द्यायचा, आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू करायचे, बाळाला घुटी उगाळायची. गेल्या पावसाळ्यात देवगडजवळच्या एका घरी मी बारशाला गेलो होतो. लेक अडतीस वर्षांची, हायस्कूलमध्ये शिक्षिका. आई सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांनी अधू, खाली बसून बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणे तिला अशक्य. म्हणून मागीलदारी पाट मांडून जावई पाय पसरून बसले होते आणि आई शेजारच्या खुर्चीतून सांगत होती, “मान धर आधी. पाणी पाठीवरसून सोड. डोळ्यांत जाव देव नको.” लेक दारात उभी राहून पाहत होती. दुपटी मात्र आईनेच शिवली होती, स्वतःच्या जुन्या नऊवारीची, आणि ती कापून शिवून गेली दहा वर्षे ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली होती.