‘कपूर’मधला डबल ओ आला कुठून?

गुरुदत्त यांचं नाव इंग्रजीत कसं लिहितात ते नीट पाहा. ‘गुरु’मध्ये यू दोनदा येतो आणि दोन्ही वेळा तो ‘उ’ वाचायचा असतो. पुढे ‘दत्त’मध्ये तोच यू पुन्हा हजर, पण तिथे त्याला ‘अ’ म्हणायचं. आपल्याला सवयीने हे खटकत नाही. भारतीय संगीत, सिनेमा, पुराणं यांच्या ओढीने आपल्याकडे वळलेला परदेशी माणूस मात्र इथेच अडखळतो आणि नियम काय असं विचारतो. नियम आहे. अडचण अशी की नियम दोन आहेत, दोन्ही अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात घडले, आणि आज हिंदी नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते एकमेकांत मिसळून गेले आहेत.

त्याआधी नियम असा नव्हताच. ईस्ट इंडिया कंपनीचे कारकून, शिपाई आणि व्यापारी कानावर पडेल तसं लिहीत. कानपूरचं ‘कॉनपोर’ झालं, मथुरेचं ‘मट्रा’. महसुलाच्या कागदांत एकच गाव चार प्रकारे लिहिलेलं असलं तरी कोणाचं फारसं बिघडत नव्हतं. ग्रंथ छापायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला. १७८५ साली चार्ल्स विल्किन्स यांनी केलेलं भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्यात कृष्णाच्या स्पेलिंगमध्ये डबल ई आहे आणि अर्जुनाच्या स्पेलिंगमध्ये डबल ओ. इंग्रज वाचकाला उच्चार जमावा, एवढाच त्यामागचा विचार.

याच काळात विल्यम जोन्स कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. १५ जानेवारी १७८४ रोजी त्यांनी एशियाटिक सोसायटीची स्थापना केली. सोसायटीच्या संशोधनपत्रिकेचा पहिला खंड १७८८ मध्ये निघाला आणि त्यातला पहिलाच लेख होता आशियाई शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत यावर. लेख जोन्स यांचाच. खंडाची सुरुवात या विषयाने व्हावी हे मला फार बोलकं वाटतं. भारताविषयीच्या विद्वानांच्या कुतूहलाची पहिली गरज होती नावं नीट लिहिण्याची. जोन्स यांचं सूत्र सोपं होतं: स्वर इटालियन पद्धतीने वाचायचे, व्यंजनं इंग्रजी पद्धतीने. म्हणजे ‘अ’साठी ए, ‘इ’साठी आय, ‘उ’साठी यू, स्वर दीर्घ असेल तर त्यावर खूण करायची.

दुसरी वाट जॉन गिलख्रिस्ट यांची. हे एडिंबराचे डॉक्टर, कंपनीच्या नोकरीत आले आणि हिंदुस्तानी भाषेत रमले. पुढे १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघालं तेव्हा तिथे ते हिंदुस्तानीचे प्राध्यापक झाले. त्यांच्यापुढे बसलेले असत विलायतेहून नुकतेच उतरलेले तरुण अधिकारी. त्यांना संस्कृत ग्रंथ वाचायचे नव्हते, जिल्ह्यात जाऊन लोकांशी बोलायचं होतं. म्हणून गिलख्रिस्ट यांनी इंग्रजी कानाला सोयीची पद्धत बसवली. इंग्रज ‘कट’, ‘बट’ या शब्दांत यू लिहून ‘अ’ म्हणतो, तर ‘अ’साठी यू घ्या. ‘सी’ आणि ‘मून’मध्ये डबल ई, डबल ओ येतात, तर ‘ई’ आणि ‘ऊ’साठी तेच घ्या. पंजाबमधला यू, ‘दत्त’मधला यू, ‘कपूर’मधला डबल ओ, ‘वाजपेयी’च्या शेवटचा डबल ई हे सगळं याच वळणाचं आहे.

या दोन पद्धतींची चुरस पुढची सत्तर-ऐंशी वर्षं चालली. १८३४ च्या सुमारास कंपनीचे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन आणि मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी तर भारतातल्या सगळ्या भाषाच रोमन लिपीत लिहाव्यात असा जोर धरला आणि त्यासाठी जोन्स यांची पद्धत पुढे केली. लिपी बदलण्याचा तो आग्रह तडीस गेला नाही, हे आपलं भाग्यच म्हणायचं. पण विद्वानांत आणि सरकारी वर्तुळात जोन्स यांचं पारडं जड होत गेलं.

निकाल लागला तो विल्यम विल्सन हंटर यांच्या हातून. १८६९ पासून त्यांच्याकडे देशाच्या सांख्यिकी पाहणीचं काम होतं. जिल्हावार माहिती गोळा करायची तर आधी गावाचं नाव एक हवं. १८७१ मध्ये त्यांनी भारतीय विशेषनामांच्या स्पेलिंगची मार्गदर्शिका काढली. तिच्यात टपाल कचेरी असलेल्या गावांची यादीही होती. पाया जोन्स यांचाच, पण खुणा कमी केलेल्या. ही हंटेरियन पद्धत सरकारने स्वीकारली आणि आजही भारत सरकारचे इंग्रजी नकाशे त्याच वळणाने चालतात. एक तडजोड मात्र झाली. लखनौ, कानपूर ही नावं १८५७ च्या बातम्यांमुळे इंग्लंडात घरोघरी पोचली होती. अशी रूढ झालेली स्पेलिंग तशीच ठेवली. कानपूरचं स्पेलिंग स्वातंत्र्यानंतर सुधारलं. लखनौचं अजून तेच आहे.

गावांना सरकार होतं, माणसांच्या आडनावांना कोणी नव्हतं. ज्याच्या आजोबांनी शाळेत किंवा कचेरीत जसं लिहिलं तसं ते घरात राहिलं. म्हणून राज कपूर डबल ओ लिहीत आणि शेखर कपूर नुसता यू लिहितात. आडनाव एकच, फक्त एक गिलख्रिस्टच्या वाटेने आलं आणि दुसरं हंटरच्या. यातलं कुठलंही चुकीचं नाही, आणि कोणाच्या नावाचं स्पेलिंग परस्पर ‘सुधारणं’ मला तरी उद्धटपणाचं वाटतं.

हंटर यांच्या पद्धतीतल्या उरल्यासुरल्या खुणा रोजच्या वापरात गळून पडल्या आणि त्याची किंमत मोठी आहे. कमाल अमरोही आणि कमल हासन यांची पहिली नावं इंग्रजीत अक्षराअक्षराला सारखी आहेत. कृष्ण आणि कृष्णा यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही, एक देव आणि दुसरी नदी. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एक. ‘त’ आणि ‘ट’ दोघांनाही टी. दक्षिणेत यावर ‘त’ला टी-एच लिहायचा उपाय निघाला, म्हणून तिकडच्या लतांच्या नावात एक एच जास्त दिसतो आणि उत्तरेतला वाचक त्यांना ‘लथा’ म्हणून मोकळा होतो.

शेवटच्या ‘अ’ची गोष्ट तर याहून खोल गेली आहे. संस्कृतच्या अभ्यासकांनी राम, योग, अशोक यांच्या शेवटी ए लिहिला आणि तो बरोबरच होता, कारण संस्कृतात तो ‘अ’ उच्चारतात. हिंदी आणि मराठी बोलताना तो गळतो. इंग्रजीत शेवटी ए दिसला की परदेशी वाचक ‘आ’ म्हणतो. त्यातून ‘योगा’ जन्मला आणि आता पुण्यातही लोक सकाळी ‘योगा’ करायला जातात. आडनावांचंही तेच झालं. मिश्र, शुक्ल, गुप्त ही मूळ रूपं. शेवटी जोडाक्षर असल्याने इंग्रजीत ए लिहावाच लागतो. त्याच इंग्रजीवरून मिश्रा, शुक्ला, गुप्ता झाले आणि आता ती घराणी स्वतःही देवनागरीत बहुधा तसंच लिहितात.

मराठी वाचकाला यात आपलंही बरंच सापडेल. महाराष्ट्रातल्या रायगडच्या शेवटी इंग्रजीत डी आहे, छत्तीसगडमधल्या रायगडच्या शेवटी आर-एच. गड तोच, हिंदीतला नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब दिलेला ‘ढ’ इंग्रजांनी ‘र’च्या अंगाने ऐकला. ‘ज्ञ’चं तर विचारूच नका: हिंदीतलं ‘ग्यान’ जी-वायने सुरू होतं, आपले ज्ञानेश्वर डी-एन-वायने, आणि ज्ञानपीठ पुरस्कार संस्कृतच्या शिस्तीने जे-एनने. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हिंदीत ‘सिंधिया’ झालं, इंग्रजीत त्याला एस-सी लागला. मराठी वृत्तपत्रं अजून ‘शिंदे’च छापतात, हे फार चांगलं आहे.

सगळ्याच नावांच्या वाट्याला ही काळजी येत नाही. दिल्लीहून इंग्रजीत आलेली बातमी मराठीत करताना नाव स्पेलिंगवरून उतरवलं जातं आणि हिंदी पट्ट्यातल्या माणसाचं नाव, जे मुळात आपल्याच लिपीत लिहिलेलं आहे, ते इंग्रजीचा वळसा घेऊन वाकडं होऊन पोचतं. उलट दिशेला टिळकांचे ‘तिलक’ होतात, काळेंचे ‘काले’. हिंदी वृत्तपत्रं, त्या त्या राज्यांच्या विधानसभांच्या हिंदी याद्या, खुद्द त्या माणसाच्या दारावरची पाटी, सगळं देवनागरीत उपलब्ध आहे. नाव तिथूनच उचलायला हवं. आता तर आपण फोनवर रोमन अक्षरं दाबून मराठी लिहितो, आणि एम-आय-एस-एच-आर-ए टाइप केल्यावर समोर ‘मिश्र’ यावं की ‘मिश्रा’, हे फोन ठरवतो.