नायट्रोसेल्युलोज: एका नायट्रेटचे तीन उद्योग

नायट्रोसेल्युलोज हे नाव काटेकोरपणे पाहता चुकीचे आहे. हा पदार्थ नायट्रो संयुग नसून सेल्युलोजचा, म्हणजे कापूस व लाकडातील तंतुमय पदार्थाचा, नायट्रेट एस्टर (नायट्रिक आम्लाशी संयोग होऊन बनलेले संयुग) आहे. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज घटकातील तीन हायड्रॉक्सिल गटांपैकी किती गटांचे नायट्रेट झाले, यावर त्याचा उपयोग ठरतो. नायट्रोजन सुमारे 13 टक्के असेल तर गनकॉटन हे स्फोटक, 12 च्या आसपास असेल तर लॅकर हा लवकर वाळणारा रंगलेप आणि 11 च्या जवळ असेल तर सेल्युलॉइड हे प्लास्टिक.

ब्राकोनो (1832) आणि पेलूझ (1838) या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी अशी नायट्रेटे आधीच बनवली होती, परंतु 1846 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणातून गनकॉटन जाहीर केल्यावरच सैन्याचे लक्ष तिकडे वळले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील फेवरशॅमचा गनकॉटनचा कारखाना स्फोटात उद्ध्वस्त झाला. कापसाच्या पोकळ तंतूंत अडकलेले आम्ल पदार्थाचे हळूहळू विघटन घडवत असे. 1865 च्या सुमारास इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एबल यांनी तंतूंचा लगदा करून तो धुण्याची पद्धत बसवली, तेव्हा कुठे गनकॉटन भरवशाचे झाले.

पदार्थ आम्लाने दिला, पण त्याचे बहुतेक उपयोग द्रावकाने दिले, असे म्हणता येईल. कमी नायट्रेट असलेला प्रकार ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळून कोलोडियन बनतो. त्यानेच जखमा झाकल्या गेल्या आणि 1851 पासून इंग्रज छायाचित्रकार आर्चर यांच्या पद्धतीच्या छायाचित्रणाच्या काचा तयार झाल्या. याच द्रावकांनी गनकॉटनला जेलीसारखे करून त्याच्या पातळ पट्ट्या पाडल्या, तर ते एकदम न फुटता ठरावीक वेगाने जळते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हिएय यांनी 1884 मध्ये दाखवले आणि जवळजवळ धूर न करणारी बंदुकीची दारू जन्मली.

प्लास्टिकमध्ये इंग्रज संशोधक पार्क्स यांचे पार्केसिन हे नायट्रोसेल्युलोजचे प्लास्टिक 1862 च्या लंडन प्रदर्शनात आले. व्यापारी यश मात्र कापूर मिसळून सेल्युलॉइड बनवणाऱ्या अमेरिकेतील हायट बंधूंना मिळाले. चित्रपटाची फिल्म दीर्घकाळ याचीच असे. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने ती पाण्याखालीही जळत राहते, म्हणून 1950 च्या सुमारास तिची जागा अॅसिटेट फिल्मने घेतली.

पहिल्या महायुद्धानंतर बंदुकीच्या दारूच्या कारखान्यांची मोठी क्षमता मोकळी झाली आणि ती रंगाच्या उद्योगाकडे वळली. 1920 च्या दशकात अमेरिकन कंपनी ड्यूपाँच्या ड्यूको लॅकरमुळे मोटारीचे रंगकाम आठवड्यांऐवजी तासांत वाळू लागले. आज लाकडावरील लॅकर, छपाईची शाई आणि नेलपॉलिशमध्ये हा पदार्थ वापरला जातो. कारखान्यांना तो पाणी वा अल्कोहोलने ओला ठेवूनच पाठवला जातो. 2015 मध्ये चीनमधील तियानजिन बंदरात हा ओलावा उडून गेल्याने लागलेल्या आगीतून शेजारच्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला.