ट्रेड डेडलाइन (बेसबॉल)

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या चालू हंगामात संघांना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करण्यासाठी जी शेवटची मुदत असते, तिला ट्रेड डेडलाइन म्हणतात. ती साधारणतः जुलैअखेरीस येते. तिच्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत धडपडणाऱ्या संघांच्या चाहत्यांमध्ये एकच वाद पेटलेला असतो : याच हंगामासाठी नवे खेळाडू घ्यावेत, हाताशी असलेले नामवंत खेळाडू देऊन त्यांच्या बदल्यात होतकरू पोरे आणावीत, की आहे त्याच संघावर भरवसा ठेवावा?

या मुदतीचे मूळ एका तक्रारीत आहे. जुलै १९२२ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने बोस्टन रेड सॉक्सकडून जो ड्यूगन या खेळाडूला घेतले आणि सेंट लुई ब्राउन्सला अवघ्या एका सामन्याच्या फरकाने मागे टाकून मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवले. श्रीमंत संघ ऐन मोक्याला विजय विकत घेतात, अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी १५ जून ही मुदत आली. १९८६ पासून ती ३१ जुलैपर्यंत पुढे गेली. मुदतीनंतरही काही अटींवर ऑगस्टमध्ये अदलाबदल करण्याची पळवाट २०१९ मध्ये बंद झाल्यामुळे निर्णय पुढे ढकलण्याची सोय उरली नाही, आणि चाहत्यांचा वादही तेव्हापासून अधिक धारदार झाला.

हा वाद सुटायला अवघड आहे, त्याचे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. हंगाम १६२ सामन्यांचा असतो आणि मुदतीच्या दिवशी त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश सामने शिल्लक असतात. २०२२ पासून तीसपैकी बारा संघ बाद फेरीत जातात, त्यामुळे मध्यम दर्जाचा संघही बाद फेरीच्या जागेपासून बहुधा तीन-चार सामन्यांनीच मागे असतो. दुसरीकडे, ज्याचा करार त्या वर्षी संपतो तो खेळाडू हंगामानंतर मोकळा होतो. तोवर त्याला ठेवून घेतल्यास संघाच्या पदरात फार तर पुढील वर्षी नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) एक जादा खेळाडू निवडण्याची संधी पडते. मेजर लीगमध्ये न खेळलेला तरुण मात्र तिथे आल्यावर साधारण सहा वर्षे संघाच्या ताब्यात राहतो आणि सुरुवातीची काही वर्षे अगदी कमी पगारावर खेळतो. चाहत्यांच्या भांडणात खरे तर दोन काळांची तुलना चाललेली असते, आणि दोन्ही बाजूंना आपापल्या परीने आधार असतो.

लॉस एंजेलिस एंजल्सचा २०२३ चा उन्हाळा या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण ठरावा. गोलंदाजी आणि फलंदाजी दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीचा करार त्या वर्षी संपत होता, संघाचा दुसरा मोठा खेळाडू माइक ट्राउट हाताच्या दुखापतीने बाहेर होता आणि २०१४ नंतर संघाने बाद फेरी पाहिली नव्हती. ओहतानीला देऊन मोठा मोबदला घ्यावा, असे चाहत्यांचा एक गट म्हणत होता. असा खेळाडू पुन्हा मिळणार नाही, त्याला संधी द्या, असे दुसरा. संघाने दुसरा मार्ग धरला आणि २६ जुलैला होतकरू खेळाडू देऊन लुकास जिओलिटो व रेनाल्डो लोपेझ हे गोलंदाज आणले. दुसऱ्याच दिवशी डेट्रॉइटमध्ये एकाच दिवशी दोन सामने होते : पहिल्यात ओहतानीने पूर्ण नऊ डाव, म्हणजे अख्खा सामना, गोलंदाजी करून प्रतिस्पर्ध्याला एकही धाव दिली नाही आणि दुसऱ्यात दोन होमरन (बहुधा मैदानाबाहेर जाणारे, फलंदाजाला धाव मिळवून देणारे फटके) मारले. त्या दिवशी हा निर्णय चुकीचा ठरवण्याची हिंमत कोणाला झाली असती? पण ऑगस्टमध्ये संघ कोसळला, ओहतानीच्या कोपराला दुखापत झाली आणि महिनाअखेरीस नवे आणलेले गोलंदाजही खर्च वाचवण्यासाठी सोडून दिले गेले. संघाने ७३ सामने जिंकले, ८९ गमावले; ओहतानी डिसेंबरमध्ये त्याच शहरातील डॉजर्स संघाकडे गेला.

उलट उदाहरणही तितकेच ठोस आहे. २०२१ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जचा रोनाल्ड अकुन्या हा प्रमुख खेळाडू जुलैतच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि मुदतीच्या वेळी संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. तरीही संघाने हॉर्हे सोलेर, एडी रोसारिओ, अॅडम डुव्हॉल आणि जॉक पीडरसन हे आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातील क्षेत्ररक्षक) घेतले आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. सोलेर त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मुदतीच्या दिवशीची गुणतालिका पाहून कोणी हा निष्कर्ष काढला नसता.

खेळाडू देऊन टाकणाऱ्या संघांबद्दल चाहत्यांचा राग सहसा लवकर निवळत नाही. ३१ जुलै १९९७ रोजी शिकागो व्हाइट सॉक्स गटात आघाडीवर असलेल्या क्लीव्हलँडपेक्षा केवळ साडेतीन सामने मागे असताना त्यांनी तीन अनुभवी गोलंदाज सॅन फ्रान्सिस्कोला देऊन सहा तरुण घेतले; शरणागतीचे पांढरे निशाण फडकवणारा सौदा म्हणूनच तो ओळखला जातो. त्या सहांतील कीथ फोक आणि बॉब हाउरी हे २००० मध्ये गटविजेत्या संघात होते, हे मात्र क्वचितच कोणी आठवून सांगते. माझ्या मते असा सौदा पारखायला चार-पाच वर्षे तरी द्यावी लागतात. त्याच शहरातील कब्जने जुलै २०२१ मध्ये २०१६ च्या विजेतेपदातील रिझो, बाएझ आणि ब्रायंट हे तिघे दोन दिवसांत वेगवेगळ्या संघांना दिले आणि त्यानंतरचे तीन हंगाम बाद फेरीविना गेले. बाएझच्या बदल्यात मिळालेला पीट क्रो-आर्मस्ट्राँग तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता; २०२५ मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे निवडक उत्तम खेळाडूंच्या, सामन्यात खेळला आणि कब्ज पुन्हा बाद फेरीत पोहोचले.