'फिटनेस २०२९ पर्यंत' म्हणजे गाडी तपासलेली नव्हे

जुनी मोटारसायकल बघायला गेलं की विकणारा मोबाइल पुढे करतो: "एम-परिवहन ॲपवर बघा, फिटनेस २०२९ पर्यंत आहे. आरटीओने पास केलेली गाडी." कित्येक जण एवढ्यावर बयाणा देऊन मोकळे होतात. हा समज साफ चुकीचा आहे, आणि जिवावर बेतू शकतो.

खासगी दुचाकीची नोंदणी सुरुवातीलाच १५ वर्षांसाठी होते. २०१४ च्या गाडीपुढे २०२९ दिसतं ते त्यामुळे. ती तारीख गाडी नवी असतानाच ठरली. रिक्षा-टॅक्सीसारखं वेळोवेळी पासिंग तिला मधल्या काळात लागतच नाही, म्हणजे तपासणीचा इतिहासच नसतो. पीयूसीचा आधारही नको. पेट्रोल दुचाकीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तेवढा त्यात मोजतात. ब्रेक कोण बघतं?

तपासणी होते ती १५ वर्षं भरल्यावर. गाडी मुंबईतल्या ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवली, जिथली असेल त्या आरटीओत दाखवावी लागते, मगच नोंदणी ५ वर्षांनी वाढते. म्हणून २००८ च्या गाडीचं नूतनीकरण झालेलं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आवर्जून मागा. तीही त्या एका दिवसाचीच तपासणी, हे मात्र लक्षात असू द्या.

बाकी भरवसा तुमच्या मेकॅनिकच्या डोळ्यांवर. चेसिस (गाडीचा सांगाडा) नंबर आरसीशी ताडून बघा. मुंबईचा पाऊस आणि खारी हवा लोखंड आतून खाते, त्यामुळे सीट काढायला लावा आणि चेसिसच्या वेल्डिंगपाशी टॉर्च मारून गंज शोधा. विकणारा सीट काढू देत नसेल, तर ती गाडी सोडा.