एनसीसी वेगळं, एनएसएस वेगळं: फॉर्मवर सही करायच्या आधी घरच्यांना माहीत हवं ते

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलीच्या शाळेचा मेसेज आला, हिंदीत, एका ओळीचा, की एनसीसी/एनएसएससाठी ज्यांना नाव द्यायचंय त्यांनी शनिवारपर्यंत द्यावं. बस, एवढंच. मधे ती तिरकी रेघ. त्या रेघेमुळे ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागातल्या ओळखीच्या पाच-सहा घरांत तीन दिवस हीच चर्चा, कारण सगळ्यांना वाटलं ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. मुरार भागात राहणाऱ्या वहिनींचा फोन आला, "अगं दोन्हीत कॅम्प असतो, दोन्हीत सर्टिफिकेट मिळतं, दे कुठेही नाव, काय फरक पडतो." वहिनींचा मुलगा त्याच शाळेत आठवीत, माझी मुलगी अकरावीत, आणि पहिला फरक तर इथेच पडतो जो मेसेजमध्ये लिहिलेलाच नव्हता: आठवीतल्या मुलाला एनएसएस घेताच येत नाही. शाळेत एनएसएस अकरावी-बारावीसाठी असतं आणि मग पुढे कॉलेजात. एनसीसीचं उलटं, शाळेतली ज्युनियर एनसीसी आठवी किंवा नववीतच धरावी लागते, दोन वर्षांची असते आणि शेवटी ए सर्टिफिकेटची परीक्षा. म्हणजे नववी गेली की शाळेतली ती संधी जवळपास गेलीच, मग सीनियरसाठी थांबा, आणि ती जास्त करून कॉलेजातच मिळते.

नावं सारखी वाटतात, पण काम आणि घर दोन्ही वेगळं. एनसीसी म्हणजे नॅशनल कॅडेट कोअर, संरक्षण मंत्रालयाखाली, 1948 च्या कायद्याने सुरू झालेली. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आपल्या इकडच्या हिंदी कागदांवर "रासेयो" लिहितात तीच, ती युवा आणि खेल मंत्रालयाची. एनसीसीत मूल कॅडेट होतं, एनएसएसमध्ये स्वयंसेवक होतं. मला तरी हे दोन शब्द कळले तेव्हा अर्धा गोंधळ तिथेच मिटला.

कॅडेट म्हणजे वर्दी, ड्रिल, परेडला हजेरी, बटालियनमधून येणारे फौजी उस्ताद, नकाशा वाचणं, प्रथमोपचार, पॉइंट टू टूची रायफल चालवायला शिकणं. शाळेतले जे सर किंवा मॅडम हे बघतात ते एएनओ, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर, आणि ते असेच नेमले जात नाहीत, त्यांचं रीतसर ट्रेनिंग होतं. हे ग्वाल्हेरच्या लोकांना तरी माहीत असायला हवं कारण एनसीसीची महिला ट्रेनिंगची अकादमी आपल्याच शहरात आहे, 1964 पासून, देशभरातल्या शिक्षिका इथे येऊन ट्रेनिंग घेऊन जातात. आपण त्या बाजूने शंभर वेळा गेलेलो असतो आणि आत काय चालतं ते विचारलेलं नसतं. एनसीसीत जागा मोजक्या असतात, म्हणून निवड होते, मेडिकल फिटनेस लागतो, बहुतेक ठिकाणी पळवून बघतात. आणि एक भीती जी आमच्या सासूबाईंनी बोलून दाखवली, की एनसीसी घेतली म्हणजे पोराला फौजेत जावंच लागणार, लढाई झाली तर बोलावणार. तसं नाहीये. कॅडेटवर फौजेत जायची कुठलीही सक्ती नसते, कायद्याने नसते.

स्वयंसेवकाचं वेगळं. वर्दी नाही, निवडीची पळापळ नाही, बॅज असतो कोणार्कच्या रथाच्या चाकाचा, त्याच्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. ब्रीदवाक्य "मैं नहीं, आप". (एनसीसीचं "एकता और अनुशासन", दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली तरी कशात काय आहे ते कळतं.) एनएसएसचा हिशोब तासांचा असतो: वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि शिवाय सात दिवसांचा एक विशेष कॅम्प, तो दत्तक घेतलेल्या गावात किंवा वस्तीत. 120 तास ऐकून घाबरायला होतं पण वर्षभरात वाटले तर आठवड्याचे अडीच-तीन तासच होतात. त्यात थोडं समजावून सांगणं, थोडं शाळेच्या आवारातलं काम आणि सगळ्यात जास्त बाहेर वस्तीतलं काम.

मग गोंधळ होतो का? होतो कारण एनएसएसचा जन्मच एनसीसीला पर्याय म्हणून झालाय. 1962 च्या लढाईनंतर 1963 मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची केली होती, माझे सासरे सांगतात तेव्हाची मुलं कशी उन्हात परेड करत ते. पुढे ती सक्ती नको वाटायला लागली, 1967 मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं की ज्याला एनसीसी हवी त्याने ती घ्यावी, ज्याला नको त्याला सेवेची दुसरी योजना असावी, 1968 मध्ये एनसीसीची सक्ती गेली आणि 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबरला शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत एनएसएस सुरू केली. म्हणजे "हे किंवा ते" अशी ती तिरकी रेघ तेव्हापासूनची आहे. फक्त शाळेचा मेसेज वाचणाऱ्या आईला ती "हे म्हणजेच ते" अशी वाचता येते, तिचा काय दोष.

त्यात भर म्हणजे बाहेरून बघितलं तर दोन्हीची मुलं एकसारखीच कामं करताना दिसतात. फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी सफाई असो, स्वर्णरेखेच्या काठचा कचरा उचलणं असो, रक्तदान, मतदार जागृतीची रॅली, झाडं लावणं, एनसीसीवालेही असतात आणि एनएसएसवालेही. 2020 च्या कोरोनात एनसीसीने "योगदान" नावाने काम केलं, अठराच्या वरचे सीनियर कॅडेट जे स्वतः तयार होते ते रेशन वाटपाला, रांगा लावायला उभे राहिले. 26 जानेवारीच्या दिल्लीच्या परेडमध्येसुद्धा दोघांच्या तुकड्या असतात. फरक असा की एनसीसीत सेवा हा ट्रेनिंगचा एक भाग आहे, एनएसएसमध्ये सेवा हेच सगळं आहे, तिथे ड्रिल शिकवतील तर ती फक्त परेडच्या निवडीसाठी.

आता सर्टिफिकेट, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण आमच्या घरात यात नुकसान झालंय. आपल्या मध्यप्रदेशात एनएसएसचीपण बी आणि सी सर्टिफिकेटची परीक्षा असते, अक्षरं तीच जी एनसीसीची. माझ्या भाच्याने कॉलेजात मन लावून एनएसएस केलं, गावात कॅम्प केले, सी सर्टिफिकेट घेतलं, पेढे वाटले, आणि नणंद सगळ्यांना सांगायची की आता याला फौजेत अधिकारी व्हायला लेखी परीक्षा नाही, सी आहे ना. ती सवलत एनसीसीच्या सी सर्टिफिकेटला आहे. एनसीसी स्पेशल एंट्री म्हणतात, ग्रॅज्युएशनला 50 टक्के आणि सी सर्टिफिकेटला निदान बी ग्रेड असली की लेखी परीक्षेशिवाय सरळ एसएसबीच्या, म्हणजे फौजेतले अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाच्या, इंटरव्ह्यूसाठी अर्ज करता येतो. अग्निवीर भर्तीत बोनस मार्क मिळतात तेही एनसीसीच्याच सर्टिफिकेटचे. फॉर्म भरायला बसला तेव्हा हे कळलं, तोवर कॉलेज संपलेलं. कॉलेजने पहिल्या वर्षी कागदावर चार ओळी जास्त लिहून दिल्या असत्या तर त्याने तेव्हाच ठरवलं असतं. त्याचं काम वाया गेलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्या गावातले लोक त्याला अजून फोन करतात, पण त्याला जे हवं होतं त्याचा दरवाजा दुसरीकडे होता आणि कुणी सांगितलं नाही.

आणि उलटही तितकंच खरं. वहिनींच्या शेजारणीने मुलीला एनसीसीत घातलं "समाजसेवेची आवड आहे" म्हणून, मुलीला परेड झेपेना, हजेरी कमी पडली. एनसीसीच्या परीक्षेला बसायला परेडची 75 टक्के हजेरी लागते, तिथे समजूत काढून चालत नाही. ती मुलगी वस्तीतल्या लहान मुलांना शिकवायला एका पायावर तयार असायची. तिची जागा एनएसएसमध्ये होती.

कॅम्पचंही घरच्यांनी नीट विचारावं. एनसीसीचा वार्षिक कॅम्प साधारण दहा दिवसांचा, फौजी शिस्तीत, पहाटे उठणं, ठरलेल्या वेळी सगळं. एनएसएसचा सात दिवसांचा, सकाळी प्रभात फेरी, मग परियोजना कार्य म्हणजे श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, रात्री कार्यक्रम, स्वयंपाकसुद्धा मुलं पाळीपाळीने करतात, झोपणं गावच्या शाळेत नाहीतर पंचायत भवनात. दोन्हीत रात्री बाहेर राहणं आहे म्हणजे घरच्यांची लेखी संमती लागणार. अकरावी-बारावीच्या पालकांना माझं एक कळकळीचं सांगणं, एनएसएसचा कॅम्प अकरावीतच करून घ्या, हे कॅम्प बरेचदा थंडीत असतात आणि बारावीच्या थंडीत बोर्डाची परीक्षा डोक्यावर असते.

तर त्या शनिवारी आम्ही चार-पाच जणी शाळेत गेलो. भांडायला नाही, मॅडमना पण कामाचा डोंगर असतो, त्या एकट्या अडीचशे मुलांच्या घरी मेसेज टाकतात आणि वरून आलेली ओळ तशीच पुढे पाठवतात. आम्ही म्हटलं आम्ही लिहून देतो, तुम्ही तपासून टाका. मॅडमनी दोन्हीचे जे सर आहेत त्यांना बोलावलं आणि तिथेच बसून दोन वेगळे मेसेज केले, दोन वेगळ्या दिवशी टाकायचे, एकत्र नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं कारण एकत्र आले की पुन्हा ती रेघ येते. एनसीसीच्या मेसेजमध्ये आलं की कुठल्या वर्गाला, किती जागा, निवड कधी, परेडचे वार, दोन वर्षं सोडता येत नाही, हजेरीचा नियम. एनएसएसच्यात आलं की अकरावीपासून, 240 तास कसे मोजणार, दत्तक वस्ती कुठली, रविवारी किती वाजता घरी सोडणार. दोन्हीत जबाबदार सरांचं नाव, आणि एक ओळ ठळक अक्षरात, की दोन्हीची सर्टिफिकेटं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. भाषा हिंदीच ठेवली, पण ज्या आजी-आजोबांना फोन बघता येत नाही त्यांच्यासाठी सरांनी स्वतःच्या आवाजात बोलून पाठवलं, ते तर माझ्या सासूबाईंनी दोनदा ऐकलं.

आणि हो, पैशाचं पण लिहायला लावलं. कशाला किती लागणार, काही लागणार आहे का, हे पालक विचारत नाहीत, लाजतात, आणि मग मूल म्हणतं "मला नकोच होतं". तसं होता कामा नये.

स्काउट-गाइड हे तिसरंच, त्याचा आणि या दोघांचा संबंध नाही, ते इथे आणत नाही.

वहिनींच्या मुलाने एनसीसीचं नाव दिलं, सध्या रोज पहाटे मेळा ग्राउंडकडे धावायला जातो, निवड व्हायची आहे अजून. माझ्या मुलीने एनएसएस घेतलं, पहिले दोन रविवार झाले, वस्तीत कुठल्या घरातली मुलं शाळेत जात नाहीत त्याची यादी करून आली आणि जेवायच्या आधी मला वाचून दाखवली. कॅम्पच्या तारखा आल्या नाहीयेत. आल्या की गावाचं नाव, राहायची जागा आणि बरोबर कुठल्या मॅडम आहेत हे त्याच मेसेजमध्ये हवं, असं मी आत्तापासूनच सरांना सांगून ठेवलंय.