एका पदकावर दोन चेहरे

१८७२ साली फ्रान्सने एक पदक पाडलं. पुढच्या बाजूला दोन दाढीवाले चेहरे, एकामागे एक: फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन आणि इंग्रज नॉर्मन लॉकियर. मागे चार घोड्यांच्या रथातला अपोलो सूर्यावरच्या ज्वालांकडे बोट दाखवतोय. (आपल्या सूर्याला सात घोडे लागतात, त्याने चारांत भागवलंय.) खाली तारीख आहे १८ ऑगस्ट १८६८.

ही तारीख खरं तर एकट्या जान्सेनची. त्या दिवशीचं खग्रास ग्रहण त्याने गुंटूरहून पाहिलं. सूर्य झाकला गेल्यावर कडेने तांबूस ज्वाला दिसतात. प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकातून त्यांच्या रंगीत रेषा इतक्या ठसठशीत दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते करून दाखवलं. युक्ती साधी आहे. लोलकांनी प्रकाश खूप फाकवला की आकाशाचा झगमगाट सगळ्या रंगांत विखरून फिका पडतो. ज्वालांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतच असतो, त्यामुळे तो उठून दिसतो.

लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. त्याने स्वतंत्रपणे, २० ऑक्टोबरला, हेच साधलं. गुंटूरचं पत्र बोटीने रखडत गेलं आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोघांची पत्रं एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. आधी कोण, हा वाद न घालता दोघांना एका पदकावर बसवलं, हे मला फार आवडतं.

पदकावर ज्वालांच्या विश्लेषणाचा उल्लेख आहे, हेलियमचा नाही. ज्वालांच्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांजवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. ती एका नव्या मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, आहे, हे मानायला बरेच जण तयार नव्हते.

आपल्याकडे मात्र लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं सर्रास सांगतात आणि पुरावा म्हणून किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. साहेब विजयदुर्गावर आला होता हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झीला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा सापडून तीन वर्षं होत आली होती.